कात्रणांची वही आता खिशात

वाराणसीतील दूधविनायक हा गणपतीच्या नावाचा मोहल्ला. इथे आणि जवळच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात मराठी, गल्लीत बनारसी बोली आणि शाळेत हिंदी, अशी तिथल्या मुलांची कसरत असते.

अशा घरातलं मूल आजीशी मराठीत बोलतं. पण ते मराठी जेवणखाण, सणवार आणि नात्यागोत्यापुरतं. निवडणूक, विज्ञान, आजारपण असे विषय निघाले की वाक्य आपोआप हिंदीकडे वळतं. कारण हे शब्द स्वयंपाकघरात कानावर पडत नाहीत, ते छापील मजकुरात भेटतात. वाचन सुटलं की एकदोन पिढ्यांत मराठी फक्त आडनावात उरते.

खरं तर लिपीची अडचण नाही. हिंदी शिकलेल्या मुलाला देवनागरी येतेच. 'ळ' तेवढा नवा. फसवतात ते ओळखीचे शब्द. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत मात्र ती चूक केल्यावर मिळते! 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. 'खाली' तिकडे रिकामं, इकडे तळाकडे. असे शब्द यादी पाठ करून पक्के होत नाहीत; वाक्यात पुन्हा पुन्हा भेटावे लागतात.

यासाठी जुनी कात्रणांची वहीच नव्या रूपात उपयोगी पडते. मराठी विश्वकोशाच्या नोंदी, 'साधना' साप्ताहिकाचे अंक इंटरनेटवर आहेत. आवडीचा छोटा लेख निवडावा आणि मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा. छपाईच्या पर्यायातून त्याची पीडीएफ करता येते. मग नेट नसलं तरी तो वाचता येतो, मूळ पान उद्या गायब झालं तरी आपली प्रत राहते आणि वाचताना बोट दुसऱ्याच बातमीकडे घसरत नाही. प्रतीला लेखाचं नाव व तारीख द्यायला विसरू नये.

मात्र नुसतं साठवणं म्हणजे वाचन नव्हे. शंभर लेख उतरवून एकही न उघडणारे कमी नाहीत! आठवड्याला दोनच लेख घ्यावेत. पहिल्या दिवशी शब्दकोश न उघडता वाचावं, अडलेले शब्द वहीत टिपावेत. दुसऱ्या दिवशी अर्थ पाहून मोठ्याने वाचावं. तिसऱ्या दिवशी तोच मजकूर आजी-आजोबांना स्वतःच्या शब्दांत सांगावा. या बेताने वर्षभरात शंभर लेख होतात, आणि घरातल्या गप्पांनाही नवे विषय मिळतात.

काशीला असा भाषाभ्यास नवा नाही. १८८३ साली इथे जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर मराठी घरातले. पण १९२० साली सुरू झालेल्या 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी नाव कमावलं. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊसकर यांनी 'देशेर कथा' हे पुस्तक बंगालीत लिहिलं, ते पराडकरांनी हिंदीत आणलं. शेजारच्या भाषांत या मामा-भाच्यांनी एवढी मजल मारली, तर घरच्या भाषेसाठी रोजची पंधरा मिनिटं काढणं अवघड नाही.