अनोळख्यांची मसलत

चर्चगेटहून सायंकाळी सुटणाऱ्या विरार जलद गाडीत बोरिवलीला उतरणारा एखादा नवखा प्रवासी चढला, तर ज्याचा त्याच्याशी ना नात्याचा संबंध ना ओळखीचा, असा डब्यातला कोणीतरी त्याला अंधेरीच्या आधीच बजावतो की, आत्ताच दाराकडे सरका, नाहीतर बोरिवलीला चढणाऱ्यांचा लोंढा तुम्हांला उतरू देणार नाही, आणि उद्यापासून बोरिवलीचीच गाडी धरा. घाटकोपरला मेट्रोच्या पुलाजवळ कोणता डबा लागतो, कुर्ला कोणत्या बाजूला येते, मुलुंडला जायचे तर कोणती जलद गाडी तेथे थांबत नाही, ही सारी माहिती वेळापत्रकात शोधू गेल्यास क्वचितच सापडते. ती सहप्रवाशांच्या तोंडी असते आणि मागितल्यावाचूनही मिळते. या सवयीला कोणी भोचकपणा म्हणत असेल, तर त्याच्याशी माझा स्पष्ट मतभेद आहे. माझ्या मते उपनगरांतील सार्वजनिक जीवनाचा हा एक आधारस्तंभ आहे.

याचे कारण या वस्तीच्या घडणीत आहे. अंधेरी आणि घाटकोपर 1950 मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले, बोरिवली व मुलुंड 1957 मध्ये. आणि पुढील काही दशकांत कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून, दक्षिणेतून आणि खुद्द गिरगाव-परळच्या चाळींतून जी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली, त्यांना गावचा पाटील नव्हता, वाड्यातील वडीलधारी मंडळी नव्हती, की पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार नव्हता. शिधापत्रिकेचा अर्ज कोठे द्यावा, नळाला पाणी किती वाजता येते, मुलाचे नाव कोणत्या शाळेत घालावे, हे त्यांनी विचारायचे कोणाला? रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसालाच. पश्चिम रेल्वेने 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठीची गाडी सुरू केली, तेव्हा नोकरदार स्त्रियांच्या सुरक्षिततेची सोय झाली हे तर खरेच. तथापि बाळंतपणाच्या रजेपासून पाळणाघरापर्यंतच्या मसलतीसाठी बायकांच्या डब्यात पूर्वीपासून जी जागा होती, ती आता अख्ख्या गाडीएवढी विस्तारली, हेही काही कमी नव्हे.

हाच व्यवहार पुढे हातातल्या दूरध्वनीवर आला, यात विपरीत असे काही नाही. 2010 च्या सुमारास निघालेल्या ‘एम-इंडिकेटर’ या अ‍ॅपमध्ये वेळापत्रकाच्या जोडीला प्रवाशांना आपसांत बोलण्याचीही सोय झाली, आणि अमुक गाडी पंधरा मिनिटे उशिरा आहे, तमुक स्थानकात पाणी साचले आहे, ही वार्ता रेल्वेच्या उद्‌घोषणेपूर्वी फलाटावरच्या अपरिचितांच्या हाती पडू लागली. ती लिहिणाऱ्याला यत्किंचितही मोबदला मिळत नाही, त्याचे नावही कोणी लक्षात ठेवत नाही. तरीही चिंब भिजलेल्या गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने तो दोन ओळी लिहितो. या वृत्तीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

परंतु डब्यातील सल्ल्यावर एक नैसर्गिक बंधन होते, ते या नव्या व्यवहारात सैल झाले आहे. डब्यातला माणूस स्वतः रोज अनुभवलेलेच सांगत असे आणि चुकीचे सांगितले तर त्याची चूक ऐकणाराच, पुढच्या स्थानकात, त्याच्या पदरात घालत असे. आता मात्र स्वतः न पाहिलेले, कोणा तिऱ्हाइताकडून आलेले, कोणत्याही माहितगाराकडे खातरजमा न केलेले वृत्त सद्‌हेतूनेच पुढे ढकलले जाते. 14 एप्रिल 2020 रोजी, टाळेबंदीची मुदत वाढल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, गावी जाण्यासाठी गाड्या सुटणार या वार्तेवर विसंबून वांद्रे स्थानकाबाहेर परप्रांतीय मजुरांचा प्रचंड जमाव जमला आणि अखेर पोलिसांच्या लाठ्या खाऊन पांगला. ज्यांनी ती वार्ता पुढे पाठविली, त्यांतील बहुतेकांना त्या मजुरांचे अकल्याण व्हावे असे वाटत असेल, असे मी क्षणभरही मानत नाही. हा प्रसंग मला दुःखद वाटतो तो याचसाठी. अधिकारी वर्ग वेळेवर आणि सुस्पष्ट बोलला असता, तर त्या ऐकीव गोष्टीला इतके बळ आले नसते, हेही येथे नमूद केलेच पाहिजे.

अपरिचितांना सल्ला देण्याची याहून फार उंच परंपरा याच मुंबईने पाहिली आहे. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि 1953 मध्ये देहावसान होईपर्यंत चालविले. ज्यांचे तोंडही त्यांनी कधी पाहिले नव्हते अशा वाचकांनी, जे वैद्यालाही विचारण्याचा धीर होत नव्हता ते कामजीवनाविषयीचे प्रश्न त्यांना पत्रांतून विचारावेत, आणि कर्व्यांनी ग्रंथांच्या अध्ययनाच्या आधारे, आडपडदा न ठेवता, स्वतःच्या नावानिशी त्यांना छापील उत्तरे द्यावीत, असा तो क्रम होता. याच उत्तरांपायी 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला; त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड भरावा लागला. दंड भरूनही त्यांनी उत्तरे देणे थांबविले नाही. ते वैद्यकीचे पदवीधर नव्हते. तरीही त्यांचा सल्ला विश्वासार्ह ठरला, कारण त्यामागे अभ्यास होता आणि त्याची किंमत मोजण्याची तयारी होती.

आपल्यापैकी प्रत्येकाने कर्वे व्हावे, अशी अपेक्षा अवाजवी होईल. पण स्वतःच्या अनुभवाची हद्द सांगून बोलणे कोणालाही साधण्याजोगे आहे. उपनगरांतील शेकडो गृहनिर्माण संस्थांचा आजचा मोठा प्रश्न घ्या. इमारत उभी राहून तीस-तीस वर्षे लोटली, तरी जमिनीची मालकी विकासकाच्याच नावे राहते, आणि सदनिकांविषयीच्या 1963 च्या कायद्यात मागाहून झालेल्या दुरुस्तीनुसार जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे ती मालकी संस्थेच्या नावे करून घेण्याचा, अर्ज करण्याची वेळ सभासदांवर येते. वृद्ध सभासद दप्तरे काखेत घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतात आणि पहिल्याच त्रुटीपाशी अडतात. अशा वेळी ज्या शेजारच्या संस्थेने हे दिव्य पार पाडले आहे, तिच्या चिटणीसाने अनोळखी विचारणाऱ्यालाही कागदपत्रांची यादी द्यावी, कोणत्या टप्प्यावर किती विलंब लागला ते सांगावे, आणि शेवटी एवढे अवश्य जोडावे की, हे आमच्या जमिनीपुरते झाले. तुमच्या जमिनीचा प्रकार निराळा असू शकतो, तेव्हा नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाची ताजी नक्कल काढा, ती वकिलाला दाखवा, आणि मगच अर्जावर सही करा.