वसुलीचा बडगा आणि हमीपत्राची मेख

सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकापुढे जाते ते बहुधा निवृत्तीच्या तोंडावर. वेतननिश्चितीत कार्यालयानेच केलेली जुनी चूक तेव्हा उघडकीस येते आणि 'अतिप्रदान' म्हणून ग्रॅच्युइटीतून वसुलीचा आदेश निघतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह खटल्यात यास लगाम घातला. वर्ग तीन व चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले वा वर्षभरात होणारे यांच्याकडून, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या जादा प्रदानाची वसुली करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. मात्र २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात, हमीपत्र लिहून दिलेल्या निवृत्त न्यायिक अधिकाऱ्याकडून वसुली वैध ठरली. खरी मेख येथेच आहे. नव्या वेतनश्रेणीचा लाभ देताना असे हमीपत्र सर्रास घेतले जाते. ते नाकारण्याची मुभा शिपायाला असते काय? त्याच्या सहीला न्यायाधीशाच्या सहीची कसोटी लावणे न्याय्य नव्हे. आणि न्यायालयात जावे, तर काळ कोणासाठी थांबत नाही: १९९९ मध्ये निवृत्त झालेल्या केरळातील एका शिक्षकावरील वसुली रद्द झाली, ती २०२२ मध्ये.