खर्जाची तार पितळीच हवी

गेल्या महिन्यात माझ्याकडे शिकणारी एक मुलगी आजोबांचा तंबोरा दुरुस्त करून घेऊन आली. तंबोरा मिरजेचा, भोपळा सुरेख, जवारीही नव्याने काढलेली. पण छेडला तेव्हा मन काही प्रसन्न होईना. नीट पाहतो तो चारही तारा पांढऱ्याशुभ्र, पोलादाच्या. खर्जाची पितळी तार तुटली होती. तिच्या जागी दुकानदाराने जाड पोलादी तार चढवली होती. "ही वर्षानुवर्षे तुटायची नाही," असे आश्वासनही दिले होते.

दुकानदार खोटे बोलला नाही. माझी तक्रार त्याच्याविरुद्ध नाहीच. धातू जितका मजबूत आणि चकचकीत तितका चांगला, अशी एक समजूत हल्ली आपल्या घराघरांत शिरली आहे. तक्रार आहे ती तिच्याविरुद्ध. धातूंमध्ये उच्चनीच नसते. कोणाचे काम कोणते, एवढाच प्रश्न असतो.

तंबोऱ्याचेच पाहा. जोडीच्या दोन तारा आणि खर्जाची तार यांची लांबी सारखीच, पण खर्ज एक सप्तक खाली लावायचा असतो. जोडीचीच तार तिथे लावली तर ताण चौथ्या हिश्श्यावर आणावा लागेल आणि तार लोंबकळेल. ताण तेवढाच राखायचा तर तारेचे वजन चौपट, म्हणजे जाडी दुप्पट हवी. मग पोलादाचीच दुप्पट जाडीची तार का नको? कारण पोलाद ताठ. वाकताना ते पितळेच्या जवळजवळ दुप्पट विरोध करते. जाड आणि ताठ तार थोडीशी सळईसारखी वागू लागते, आणि तिच्यातून निघणारे वरचे उपस्वर आपली जागा सोडून किंचित चढतात. पितळ त्या मानाने मऊ, शिवाय थोडे जडही. पोलाद पाण्याच्या सुमारे 7.8 पट जड, तर पितळ सुमारे 8.5 पट.

तांबे तर याहून जड, 8.9 पट. पण नुसते तांबे फार मवाळ. ताण दिला की ते लांबत जाते आणि स्वर उतरतो. त्यात जस्त मिसळले की त्याचे पितळ होते, कथील मिसळले की कांसे होते, आणि दोन्हींत अंगी बळ येते. खर्जासाठी तांबूस रंगाची जी तार काही गवई पसंत करतात, ती बहुधा या दुसऱ्या जातीची असते. उलट जोडीच्या तारांना बारीक राहून मोठा ताण सोसायचा असतो. तिथे पोलादाला तोड नाही.

हा काथ्याकूट कशासाठी, असे वाचक विचारतील. गंधारासाठी. उत्तम लागलेल्या तंबोऱ्यातून, कोणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तो खर्जाच्या पाचव्या उपस्वरातून उमटतो. तार ताठ असली तर तोच उपस्वर ढळतो, आणि गंधार एक तर कर्कश होतो किंवा मिळून येत नाही. त्या मुलीच्या तंबोऱ्यावर मी पितळी तार चढवली, तारेखाली दोरा सारला आणि छेडत बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सर, हा गंधार कुठून आला?" तीन वर्षे गाणे शिकलेल्या मुलीने तो तोपर्यंत ऐकलाच नव्हता. तिचा स्वतःचा गंधार नेहमी चढा का लागे, याचे थोडेबहुत उत्तर मला तिथे मिळाले.

लोखंडाचा दुसरा उपयोग तबल्यावर पाहावा. शाईत लोहकीस आणि खळ असते. तिथे लोखंड बळासाठी येत नाही, वजनासाठी येते. पुडीच्या मध्यावर हे वजन बसल्यामुळेच तबल्याला निश्चित स्वर मिळतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 मध्ये आणि पुन्हा 1934 मध्ये याचा शास्त्रीय उलगडा केला.

डग्ग्याविषयी मात्र जुन्या मंडळींचे सगळेच म्हणणे मी मानत नाही. तांब्याच्या डग्ग्यात काही जादू असते असे नव्हे. स्वर देते ती पुडी आणि आतली हवा. भांड्याचे काम जड आणि स्थिर राहण्याचे. जुन्या तांब्या-पितळेच्या डग्ग्यांचा पत्रा जाड असे, म्हणून घिस्सा देताना ते चुंबळीवरून हलत नसत. आजचा पातळ, चकाकणारा डग्गा हाताबरोबर सरकतो. दोष पोलादाचा नाही, पातळ पत्र्याचा आहे.

परंपरेच्या नावाने नवा धातू नाकारावा, असेही मी म्हणणार नाही. रबाबाच्या लाकडी पट्टीवर धातूचा पत्रा आला, तातीच्या जागी धातूच्या तारा आल्या, तेव्हा सरोद जन्माला आला. पण तो बदल करणाऱ्यांना काय साधायचे आहे हे ठाऊक होते. आपण बदलतो ते तार तुटू नये म्हणून, किंवा भांडे घासावे लागू नये म्हणून.

माझे वडील दरबारी वादक. त्यांच्या पानाच्या जुन्या डब्यात पितळी तारेची वेटोळी असत, आणि रियाज झाला की कोरड्या फडक्याने तारा पुसल्याशिवाय ते उठत नसत. पोलाद गंजते, पितळ काळवंडते. दोघांचीही निगा राखावी लागते.

बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा 1886 मध्ये सुरू झाली. तेव्हापासून आपल्या घराघरांत वाद्ये आली, आणि अजूनही पुष्कळ माळ्यांवर ती आहेत. हल्ली घर रिकामे करताना तांब्याचा डग्गा भंगारवाल्याच्या तराजूत जातो. तांब्याला भाव आहे खरा. पण तो तराजूत टाकण्यापूर्वी एखाद्या संगीतशिक्षकाला दाखवावा. पुडी नवी चढवता येते, आणि पुडी घ्यायला पैसे नसलेले विद्यार्थी प्रत्येक वर्गात एक-दोन असतातच. तंबोरा असेल तर खर्जाची तार तेवढी पाहावी. पांढरी दिसली तर बदलून घ्यावी. खर्च फार येत नाही.