पदवीच्या कागदावरचे नाव

परवा आमच्या घरी पेढे वाटले. थोरली लेक बी.ए. झाली, तीही कंधारात, आम्ही शिकलो त्याच कॉलेजात. निकाल हाती येताच तिने आमची जुनी पत्र्याची पेटी उघडली, तळाशी ठेवलेली आमची पदवी काढली आणि आपल्या मेमोशेजारी मांडली. म्हणाली, "पप्पा, कॉलेज एकच, मग विद्यापीठं दोन कशी? तुमच्या कागदावर बाबासाहेबांचं नाव आहे, माझ्या का नाही?"

उत्तर द्यायला रात्र लागली.

आम्ही १९९१ साली कॉलेजात पाऊल ठेवले. तेव्हा कंधार औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठाखाली होते. विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला तो २७ जुलै १९७८ रोजी. लगेच दंगली उसळल्या, वस्त्या जळाल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. आम्ही तेव्हा पाच वर्षांचे. माय आम्हाला पोटाशी धरून रात्रभर हायब्रीडच्या रानात बसली होती, एवढेच आठवते.

आणि अशा मायच्या लेकाने कॉलेजात जाऊन पहिले काम काय केले? आडनाव लपविले. खोली शोधताना घरमालक नाव विचारीत, नावावर भागले नाही की आडनाव विचारीत. आम्ही गावाच्या नावाला 'कर' जोडून वेळ मारून नेली. खोली मिळाली. एके दिवशी माय भाकरीचे गाठोडे घेऊन एस.टी.ने आली आणि ओट्यावरूनच मोठ्याने "जयभीम" म्हणाली. घरमालक समोर उभा. आम्ही मायला डोळ्यांनी गप्प केले. ती काही बोलली नाही. गाठोडे ठेवले, पाणीसुद्धा न पिता पुढच्या गाडीने परत गेली. तीन वर्षांत पुस्तके पुष्कळ वाचली, पण कॉलेजचे दिवस म्हटले की आधी तो ओटा आठवतो.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतले. बातमी कळली त्या रात्री पुस्तक उघडले, पण अक्षर दिसेना. एका नावासाठी माणूस जळून गेला आणि आम्ही आपले स्वतःचे नाव झाकून खोलीत बसलेलो! सकाळी घरमालकाला खरे आडनाव सांगितले. त्याने आरडाओरडा केला नाही. महिनाअखेर खोली सोडा, एवढेच म्हणाला. पुढचे चार-पाच महिने दोघा मित्रांच्या खोलीत तिसरी वळकटी आमची. पण झोप बरी लागे.

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. मागितले नामांतर, मिळाला नामविस्तार. तरी वस्तीत दिवे लागले. त्या उन्हाळ्यात आम्ही परीक्षा दिली. मग १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि कंधार तिकडे गेले. म्हणजे बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठात कंधार जेमतेम आठ महिने राहिले, आणि आमची परीक्षा नेमकी त्यातच आली. यात आमची हुशारी काही नाही. सेकंड क्लास होता.

कागद मात्र लगेच आणला नाही. अर्जाची फी, जाण्यायेण्याचे भाडे; मेमोवर काम भागत होते. मायनेच टुमणे लावले, "त्याच्यावर नाव हाय म्हनत्यात, आन की." बाबासाहेब बी.ए. झाले आणि थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, सुभेदार रामजी गेले. आमची माय तरी समोर होती. आम्ही कागद आणला. मायला वाचता येत नव्हते. "कुठं हाय?" तिने विचारले. तिचे बोट धरून आम्ही बाबासाहेबांच्या नावावर ठेवले. तिने ते बोट बराच वेळ उचलले नाही. मग म्हणाली, "आन् आपलं?"

खालच्या ओळीत आमचे आडनाव होते. बोट तिथे नेले.

माय आता नाही. लेकीने सगळे ऐकले, कागद घडी न मोडता पेटीत ठेवला. तिच्या पदवीचा अर्ज अजून भरायचा आहे. नांदेड काही लांब नाही. येत्या सोमवारी दोघे मिळून जाणार आहोत.