घाईचा सौदा

स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारी पिढी अद्याप आपल्यात आहे. 1983 च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली, तेव्हाही ग्राहक रांगेतच उभा होता. त्या काळची टंचाई खरी होती. आज गाड्या दालनात उभ्या असतात आणि टंचाई शब्दांनी निर्माण केली जाते. ‘सवलत आज सायंकाळपर्यंतच’, ‘या रंगाची ही शेवटची गाडी’ ही वाक्ये कोणी ऐकली नाहीत? पूर्वीचा विक्रेता ग्राहकाला ताटकळत ठेवी. आजचा त्याला थांबूच देत नाही.

गोंदियासारख्या जिल्ह्यात ही घाई विशेष महाग पडते. धानाचे चुकारे असोत वा शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या वेतनातील फरक, मोठी रक्कम येथे क्वचितच एकत्र हाती पडते. देवरी-सालेकशाहून सहकुटुंब आलेल्या गृहस्थाला रिकाम्या हाताने परतणे कमीपणाचे वाटते, हे विक्रेता जाणतो. चहा येतो, मुलांना गाडीत बसविले जाते आणि ‘केवळ पाच हजार’ विसार मागितला जातो. मग ते पाच हजार वाचविण्यासाठी मनुष्य लाखांचा निर्णय उरकून टाकतो. बुडीत खर्चाच्या मोहाचे याहून स्पष्ट उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

एका सहकाऱ्यासोबत मी अशाच एका दालनात गेलो होतो. सहा लाखांचे कर्ज, पाच वर्षांची मुदत, ‘फक्त सात टक्के’ व्याज आणि 13,500 रुपयांचा मासिक हप्ता. वर्गात व्याजाचे गणित शिकविणाऱ्या मलाही तेथे ते वावगे वाटले नाही. घरी कागद-पेन्सिल घेतल्यावर उलगडा झाला. व्याज मूळ रकमेवर सरसकट आकारलेले होते. फेडलेल्या मुद्दलावरही ते चालूच राहणार होते. घटत्या शिल्लकेच्या हिशेबाने तोच दर सुमारे साडेबारा टक्के पडतो. सही केली नव्हती, म्हणून सहकारी बचावला.

विम्याचेही तसेच. त्रयस्थ पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. परंतु तो विक्रेत्याने सुचविलेल्याच कंपनीकडून घ्यावा, असे कायदा म्हणत नाही.

1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली आणि आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागण्याची सोय झाली. 2023 साली केंद्राने ऑनलाइन व्यापारातील ‘खोटी निकड’ ही दिशाभूल ठरवून तिला मनाई केली. दालनात समोरासमोर लावलेल्या घाईपासून मात्र ग्राहकाने स्वतःच सावध राहावयास हवे. शिवाय आयोगाचे दार सहीनंतर ठोठावायचे असते. सहीपूर्वीचे संरक्षण आपल्याच हाती असते.

त्याकरिता एक नियम पुरे: ज्या दिवशी गाडी पाहावी, त्या दिवशी पैसे देऊ नयेत. गाडीची किंमत, नोंदणी, विमा, जोडसामान आणि व्याज यांचा वेगवेगळा तपशील तारखेसह लेखी मागावा, तो घरी आणावा व दुसऱ्या विक्रेत्याच्या कागदाशी ताडून पाहावा. खरी सवलत लेखी द्यावयास कोणीही कचरत नाही. जी कागदावर उतरू शकत नाही, तिच्यासाठी वर्षानुवर्षांची बचत एका सायंकाळी उधळण्याचे कारण नाही.