प्रिंटर ‘ऑफलाइन’, ग्राहक मात्र सावध!

तंजावूरच्या राजवाडा परिसराशी मराठी मुद्रणाचे नाते दोन शतकांहून जुने आहे. सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी १८०५ च्या सुमारास येथे देवनागरी छापखाना उभारला आणि ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी रूपांतर १८०६ साली त्यावर छापले गेले. त्या काळी छपाई अडली तर कारण डोळ्यांना दिसे. खिळा झिजलेला असे, शाई सुकलेली असे किंवा दाबयंत्र अडकलेले असे. आज याच राजवाड्याभोवती राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरी छोटे प्रिंटर आले आहेत. घरात मराठी, बाजारात तमिळ आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी, असा येथील नित्याचा व्यवहार. त्या तिसऱ्या भाषेत एके दिवशी ‘ऑफलाइन’ हा शब्द उमटतो आणि यंत्र समोर सुरू दिसत असूनही कागद बाहेर येत नाही.

हा प्रश्न बँकेच्या मासिकात कशासाठी, असे वाचकांस वाटेल. माझ्या मते प्रिंटरची ही किरकोळ अडचण स्वतः तपासता येणे हा आता आर्थिक साक्षरतेचाच एक भाग झाला आहे. कारण गोंधळलेला मनुष्य इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतो, आणि तेथे भामटे टपून बसलेले असतात.

प्रथम या शब्दाचा अर्थ ध्यानी घ्यावा. ‘ऑफलाइन’ म्हणजे संगणकाला प्रिंटरकडून उत्तर मिळत नाही, एवढेच. प्रिंटर बिघडलाच आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून तपासणी सोप्यापासून अवघडाकडे न्यावी. प्रिंटरचा दिवा लागला आहे का, कागद अडकला आहे का, यूएसबी केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का, हे आधी पाहावे. प्रिंटर वाय-फायवर चालणारा असेल, तर तो आणि संगणक एकाच जाळ्यावर आहेत ना, याची खात्री करावी. राउटर बदलल्यावर किंवा त्याचा पासवर्ड बदलल्यावर प्रिंटर जुनेच नाव शोधत राहतो. शिवाय अनेक घरगुती प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायलाच जोडले जातात, ही बाब पुष्कळांस ठाऊक नसते.

वीज जाऊन परत आली की आणखी एक घोटाळा संभवतो. राउटर घरातील प्रत्येक उपकरणाला एक अंकी पत्ता देतो. तो पुन्हा सुरू झाल्यावर प्रिंटरला कधी कधी नवा पत्ता मिळतो आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर निरोप धाडीत बसतो. अशा वेळी आधी राउटर, दोन-तीन मिनिटांनी प्रिंटर आणि शेवटी संगणक, या क्रमाने सर्व बंद करून सुरू करावे. तेवढ्याने न भागल्यास संगणकातून प्रिंटर काढून टाकावा आणि पुन्हा जोडावा. हा प्रसंग वारंवार येत असेल, तर राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवता येतो.

विंडोज संगणकावर आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. प्रिंटरच्या मेनूमध्ये ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ यापुढे खूण असल्यास ती काढावी. रांगेत अडकून पडलेली जुनी कामे रद्द करावीत. एकाच प्रिंटरची दोन नावे दिसत असतील, तर चालू असलेले नाव मुख्य म्हणून निवडावे. हे सारे करण्यास बहुधा अर्धा तासही लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इंटरनेटवर शोधताना वर दिसणारा प्रत्येक क्रमांक कंपनीचाच असतो असे नाही. पलीकडचा गोड बोलणारा ‘इंजिनिअर’ संगणक दुरून हाताळण्याचे ॲप उतरवून घ्यायला सांगतो. एकदा परवानगी दिली की आपला पडदा त्याला दिसू लागतो. मग दहा रुपयांचे ‘नोंदणी शुल्क’ ऑनलाइन भरण्यास तो सांगतो, आणि आपण टंकलेला पासवर्ड त्याच्या हाती पडतो. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या पद्धतींवर जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तीत शोधयंत्रावरील खोटे क्रमांक आणि पडदा दाखविणारी ॲप या दोन्ही युक्त्यांचा समावेश आहे. प्रिंटर दुरुस्त करण्यासाठी कोणालाही आपला ओटीपी, पिन वा खातेक्रमांक लागत नाही, हे पक्के स्मरणात ठेवावे. मदतीचा क्रमांक हवाच असेल, तर तो प्रिंटरसोबत आलेल्या वॉरंटी कार्डावरून घ्यावा किंवा गावातील ओळखीच्या दुकानदारास विचारावे.

चुकून परवानगी दिली गेलीच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. संगणकाचे इंटरनेट तत्काळ तोडावे, बँकेला कळवून खाते व कार्ड थांबवावे, १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावेत. येथे प्रत्येक मिनिटाला मोल असते. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी थांबविता आले, तरच ते परत मिळण्याची आशा राहते.

सावधगिरीच्या सूचना आपण सर्वजण वाचतो, पण त्या बहुधा ‘अमुक करू नका’ एवढ्यावरच थांबतात. अडलेल्या माणसाला नुसता निषेध पुरत नाही, त्याला वाटही दाखवावी लागते. म्हणून अशी माहिती ग्राहकाच्या घरच्या भाषेत, शाखेच्या सूचनाफलकावर आणि ज्येष्ठांच्या मेळाव्यांत पोहोचली पाहिजे. दोन शतकांपूर्वी ज्या परिसरात मराठी अक्षरे खिळ्यांतून कागदावर उतरली, तेथील मराठी माणसाला आज एका इंग्रजी शब्दापायी आयुष्याची पुंजी गमवावी लागू नये, एवढीच अपेक्षा.