टाचेचे ऐकावे



मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी एक गोल, काळी, सहा पायांची वस्तू आली. मिनी ट्रॅम्पोलिन. आमच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, तिला पाहताच 'बाज' म्हणाल्या आणि तेव्हापासून सारे घर तिला बाजच म्हणते. आमच्या अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावात पहाटे रस्त्याने फिरायला जाणे सगळ्याच बायकांना जमत नाही. सकाळी डबे, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा चूल. डॉक्टरांनी तर सांगितले होते, साखर काठावर आहे, वजन उतरवा. घरातल्या घरात व्यायाम होईल म्हणून आम्हीच हट्ट धरून ही बाज आणवली.

पहिल्याच दिवशी मोबाइलवरचा व्हिडिओ लावून अनवाणी 20 मिनिटे उड्या मारल्या. मजा वाटली. मग रोजच सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात फजरला उठून शहाबादी फरशीवर पहिले पाऊल टेकवले आणि टाचेत खिळा घुसावा तशी कळ आली. दहा पावले चालल्यावर ती ओसरली, म्हणून लक्ष दिले नाही. पुढे नमाजमध्ये अत्तहिय्यातला बसताना पायाची बोटे मुडपणे अवघड होऊ लागले. तरी घरात कुणाला सांगितले नाही. वस्तू हट्टाने आणलेली. 'पैसे वाया गेले' हे ऐकायचे नव्हते. शेवटी लेकीनेच ओळखले. "अम्मी, तुम्ही लंगडताय," म्हणाली.

लातूरला एका फिजिओथेरपिस्ट बाईंना पाय दाखवला. त्या म्हणाल्या, "चूक बाजेची नाही, घाईची आहे." त्यांनी समजावले ते आम्ही वर्गात शिकवावे तसे येथे मांडतो.

बाजेवर धक्का कमी बसतो, हे खरे आहे. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेच्या 'नासा'च्या शास्त्रज्ञांनी 8 तरुणांच्या घोट्यावर, पाठीवर आणि कपाळावर बसणारा धक्का मोजला होता. पळताना घोट्याला फार मोठा धक्का बसत होता. ट्रॅम्पोलिनवर मात्र तो तिन्ही ठिकाणी जवळपास सारखा वाटला जात होता. पण धक्का कमी म्हणजे पायाला काम कमी, असे नाही. खालचे कापड दबते, हलते. तोल सांभाळायला पाऊल सतत धडपडते, बोटे कापड पकडू पाहतात, घोटा आत कलतो. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो, त्यावर ताण येतो. रात्रभर तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला ओढला जातो. म्हणून सकाळची कळ सर्वांत जोरदार. त्यातून आम्ही दिवसभर फळ्यासमोर उभे राहणार आणि घरी आल्यावर कडक फरशीवर अनवाणी वावरणार. पायाला विसावा मिळणार कधी?

आता आम्ही काय करतो ते सांगतो. सुरुवात 20 मिनिटांनी नव्हे, 5 मिनिटांनी. तीही एक दिवसाआड. दुखले नाही तर दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवायची. पहिले काही आठवडे उडी मारायचीच नाही. पाऊल कापडावरून न उचलता गुडघे किंचित वाकवून नुसते झुलायचे. उडी घेतलीच तर नुसत्या चवड्यावर नव्हे, पूर्ण पावलावर उतरायचे. बोटे सैल ठेवायची. मोजे घालून चढायचे नाही, पाय घसरतो. ज्यांची टाच आधीच दुखते किंवा तळवे सपाट आहेत त्यांनी पकड असलेल्या तळाचे बूट घालावेत आणि ते घरातच वापरावेत. बाज भिंतीजवळ ठेवावी म्हणजे तोल गेला तर हात टेकता येतो. उतरताना उडी मारून उतरू नये. स्प्रिंगा आणि पाय घट्ट आहेत ना, आपले वजन तिच्या मर्यादेत बसते ना, हेही पाहावे. मुलांना एका वेळी एकालाच चढू द्यावे.

व्यायाम झाला की भिंतीला हात टेकून एक पाय मागे न्यायचा, टाच जमिनीला घट्ट लावायची आणि पोटरी ताणून 30 सेकंद थांबायचे. प्रत्येक पायाला तीन वेळा. खुर्चीत बसून पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. सकाळी पलंगावरून उतरण्याआधीच पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढायची. घरात मऊ तळाची चप्पल. एवढ्यावर दोन महिन्यांत आमची टाच बरी झाली, अलहम्दुलिल्लाह. पण सूज असेल, हाडावर एकाच जागी बोट दाबल्यावर दुखत असेल, मुंग्या येत असतील किंवा दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल, तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरांकडे जावे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ती गोष्ट. लेक आमच्याकडून पोटरीचा व्यायाम करून घेत होती. म्हणाली, "दादी, तुम्हीपण करा." अम्मींनी पाय पुढे केला आणि लेक गप्प झाली. तळव्याला मोठा फोड फुटून ओली जखम झालेली. आम्ही शाळेत गेलो की दुपारी अम्मीही बाजेवर चढत होत्या, अनवाणी. त्यांना 15 वर्षांपासून शुगर आहे. आम्ही घाबरून विचारले तर त्या सहज म्हणाल्या, "मेरे को तो कुछ दुखताच नै."

त्या वाक्याने आमच्या पोटात गोळा आला. शुगर बरीच वर्षे राहिली की पायाच्या नसा बधिर होऊ शकतात. फोड, खिळा, चटका काहीच कळत नाही आणि जखमही लवकर भरत नाही. आमची टाच ओरडत होती आणि आम्ही ती लपवत होतो. अम्मींची टाच ओरडूच शकत नव्हती. महिनाभर पट्ट्या कराव्या लागल्या. जखम भरली, पाय वाचला.

आता मगरीबनंतर लेक दादीचे दोन्ही तळवे आणि बोटांच्या फटी उजेडात पाहते. वुजूनंतर बोटांमधले पाणी टिपून घेतले जाते. अम्मी बाजेवर चढत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने खुर्चीत बसून पाय हलवतात, घरातही चप्पल घालतात.

शरीर ही अमानत आहे. तुमच्या घरात शुगर असलेले कुणी वडीलधारे असेल तर "पाय दुखतो का?" एवढे विचारून थांबू नका. आज संध्याकाळी त्यांचा पाय हातात घेऊन पाहा.